सहा फुटांची भिंत आणि तिच्यामागचे कागद

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या वायव्य भागात बर्वुड आणि मेंडोटा या दोन रस्त्यांच्या मधून, घरांच्या परसांना लागून, एक काँक्रीटची भिंत जाते. उंची सहा फूट, जाडी फूटभर, लांबी सुमारे अर्धा मैल. मध्ये मुलांचं खेळायचं मैदान लागतं, तिथे भिंतीवर रंगीत चित्रं काढलेली आहेत. बाकी ठिकाणी ती कुणाच्याही परसातली भिंत वाटावी इतकी साधी आहे. तिला टेकून सायकली ठेवतात, तिच्यावर वेली चढतात.

१९४१ साली ही भिंत एका बिल्डरने बांधली. तिच्या पूर्वेला कृष्णवर्णीयांची वस्ती होती. वीसच्या दशकात त्यांनी शहराच्या कडेला, शेताडीत, हप्त्यांनी प्लॉट घेतले आणि जमेल तशी घरं उभारली. काहींच्या छपरावर डांबरी कागदच होता. पश्चिमेला मोकळी जमीन होती, आणि तिथे बिल्डरला गोऱ्यांसाठी नवी वसाहत बांधायची होती. सरकारी गृहकर्ज-हमी खात्याने, म्हणजे एफएचएने, त्याची फाइल नाकारली. कारण काय, तर शेजारी काळी वस्ती आहे, म्हणून तारण धोक्याचं. बिल्डरने तोडगा काढला: मध्ये भिंत घालतो. हमी मंजूर झाली.

सहा फुटांची भिंत कुणाला अडवते? दहा वर्षांचं पोर तिच्यावर चढेल, म्हातारा माणूस टोकाला जाऊन वळसा घालेल. भिंत माणसांसाठी नव्हतीच, ती फाइलसाठी होती. मूल्यांकनाच्या फॉर्ममधल्या एका रकान्यात 'अडथळा आहे' असं लिहिता यावं, एवढंच तिचं काम. एफएचएच्या तीसच्या दशकातल्या मूल्यांकन-पुस्तिकेतच सांगितलं होतं की वस्तीचं मोल टिकवायला नैसर्गिक किंवा कृत्रिम अडथळे उपयोगी पडतात, आणि ज्या गोष्टींपासून वस्तीला जपायचं त्यांच्या यादीत 'विजोड वांशिक गटांचा शिरकाव' हीही एक होती. बिल्डर पुस्तिका वाचणारा निघाला.

अमेरिकेतल्या शहरांचा वंशभेद म्हटला की डोळ्यांसमोर दंगली, पोलीस, जळणारी दुकानं येतात. ते सगळं घडलं आहेच. पण शहर घडलं ते फॉर्म, खरेदीखत, नकाशा, हद्द आणि घरपट्टीच्या बिलावर. आणि त्या कागदांची गंमत अशी की पिढी बदलली की त्यांच्यावरचा 'वंश' हा शब्द पुसला जातो, काम मात्र तेच चालू राहतं.

कर्जाचं गणित आधी पाहू, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. १९३४ च्या आधी अमेरिकेत घरासाठी कर्ज घ्यायचं म्हणजे साधारण निम्मी रक्कम रोख भरायची, उरलेल्यावर तीन ते पाच वर्षं व्याज द्यायचं आणि शेवटी मुद्दल एकदम फेडायचं, नाहीतर पुन्हा नवं कर्ज काढायचं. पाच हजार डॉलरच्या घराला अडीच हजार हातात हवेत. एफएचए आली आणि तिने स्वतः पैसे न देता फक्त बँकेला हमी दिली: कर्ज बुडालं तर आम्ही भरून देऊ. १९३८ च्या सुधारणेनंतर लहान नव्या घराला नव्वद टक्के कर्ज आणि पंचवीस वर्षांची मुदत मिळू लागली. तेच पाच हजारांचं घर आता पाचशे डॉलर रोख आणि पाच टक्के दराने महिना सव्वीस डॉलरच्या आसपास हप्त्यात मिळायला लागलं. अनेकदा भाडं याहून जास्त असे. कारखान्यातल्या फिटरला घर परवडायला लागलं ते एकट्या त्याच्या घामाने नव्हे. त्या घामामागे सरकारी जामीन उभा होता.

आणि हा जामीन भिंतीच्या पूर्वेला मिळत नव्हता. तिथला माणूस घर घेई ते लँड कॉन्ट्रॅक्टवर. त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. मालक आणि खरेदीदार करार करतात, खरेदीदार इसार देतो आणि दरमहा हप्ता भरतो, घराची दुरुस्ती आणि घरपट्टीही बहुधा त्याच्याच अंगावर. पण खरेदीखत शेवटचा हप्ता फिटल्यावरच नावावर होतं. तोवर तो कागदावर मालक नाही, आणि हप्ता चुकला तर करार मोडून घर परत जाऊ शकतं, भरलेलं सगळं भाड्यात जमा. मालकाच्या सगळ्या जबाबदाऱ्या आणि भाडेकरूचे सगळे धोके एकाच माणसाच्या डोक्यावर. भिंतीच्या पूर्वेच्या, एट माइल रोडजवळच्या त्या वस्तीने पुढे चिवटपणे भांडून स्वतः बांधायच्या घरांसाठी एफएचएची हमी मिळवलीसुद्धा, बदल्यात युद्धकाळातली तात्पुरती सरकारी घरं आपल्या जमिनीवर होऊ देऊन. पण शहरभर पाहिलं तर तो अपवाद.

लाल रंगाच्या नकाशांबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण 'रेडलाइनिंग' (नकाशावर लाल रंग लावून एखाद्या वस्तीला कर्ज नाकारणं) हा शब्द आता सैलपणे वापरला जातो. ते प्रसिद्ध रंगीत नकाशे एफएचएचे नव्हेत. ते होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या दुसऱ्या संस्थेचे. १९३५ ते १९४० या काळात तिने दोनशेहून अधिक शहरांत मोहल्ल्यांना श्रेणी लावल्या: 'ए' हिरवा, 'बी' निळा, 'सी' पिवळा, 'डी' लाल. पण या संस्थेने बुडत्या घरमालकांची सुमारे दहा लाख कर्जं स्वतःकडे घेतली होती, ती बहुतेक नकाशे तयार होण्याआधी, आणि त्यांत पुढे लाल ठरलेल्या भागांतलीही होती. खरी नाकेबंदी एफएचएची. तिचे स्वतःचे वेगळे नकाशे होते आणि हमी नाकारायचा अधिकार तिच्याकडे होता. नकाशा दोष दाखवतो, नकार मात्र खिडकीमागचा माणूस देतो. नुसते नकाशे छापून शहराची सारी कहाणी सांगितल्यासारखं करणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यायला हवा.

हमीबरोबर खरेदीखतही होतं. १९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुईव्हिल शहराचा वंशानुसार गल्ल्या वाटणारा कायदा रद्द केला. सरकारला हे करता येणार नाही म्हटल्यावर तेच काम खासगी कराराकडे गेलं. गल्लीतल्या ठराविक टक्के मालकांच्या सह्या घ्यायच्या, 'हे घर कॉकेशियन वंशाच्या माणसाखेरीज कुणी वापरू नये' अशी अट नोंदवायची (कॉकेशियन म्हणजे गोरा), आणि ती अट माणसाला नव्हे, जमिनीला चिकटवायची. घर दहा वेळा विकलं तरी अट सोबत जाते. एफएचएची पुस्तिका अशा अटींची शिफारस करत असे. १९४४ मध्ये ऑर्सेल आणि मिनी मॅक्गी या जोडप्याने डेट्रॉइटच्या सीबाल्ट रस्त्यावर घर घेतलं तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना कोर्टात खेचलं. खटल्यात एक मजेशीर आणि भयानक प्रश्न आला: हा माणूस कॉकेशियन नाही हे सिद्ध कसं करायचं? शेजाऱ्यांनी साक्ष दिली, की त्याचा चेहरा तसा दिसतो. मिशिगनच्या न्यायालयाला तेवढं पुरलं. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर या प्रकरणासोबत मॅक्गींचाही निकाल दिला: अशी अट न्यायालयं अमलात आणू शकत नाहीत. अट लिहायला मात्र तेव्हा बंदी झाली नाही. ती १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने आली, आणि जुन्या खतांतली वाक्यं तर अजून फायलींत पडून आहेत.

आता राजकारण. डेट्रॉइट हे कामगार संघटनांचं शहर. मोटार कामगारांची युनियन गोऱ्या-काळ्यांना एका मंचावर आणत होती, आणि ते खोटं नव्हतं. पण १९४९ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत युनियनचा उमेदवार जॉर्ज एडवर्ड्स पडला आणि अल्बर्ट कोबो निवडून आला. मुद्दा होता सरकारी घरं कुठे बांधायची हा. कारखान्यात युनियनचा बिल्ला लावणारा कामगार संध्याकाळी आपल्या गल्लीतल्या घरमालक संघाच्या बैठकीला बसे. १९४३ ते १९६५ या काळात असे किमान १९२ संघ डेट्रॉइटमध्ये निघाले. कारखान्यात त्याचं हित हातातल्या कामात होतं, घरी ते पंचवीस वर्षांच्या हप्त्यात होतं. त्याला सांगितलं गेलं होतं की शेजारी काळं कुटुंब आलं की घराची किंमत पडते, आणि हे सांगणारा नुसता गल्लीतला अफवा पसरवणारा नव्हता. सरकारची पुस्तिकाच तसं सांगत होती. त्याचं वागणं यामुळे क्षम्य ठरत नाही. पण त्याला फक्त 'अडाणी द्वेष' म्हणून सोडून देणं हे आळशीपणाचं आहे. कोबोने खुर्चीत बसताच शहराच्या कडेच्या मोकळ्या जमिनींवरचे आठ सरकारी गृहप्रकल्प रद्द केले. उरले ते जुन्या, आधीच कोंडलेल्या भागातले.

कोंडी किती होती? १९१० मध्ये डेट्रॉइटमध्ये कृष्णवर्णीय होते ५,७४१. १९५० मध्ये तीन लाख. त्यांतले बरेच ब्लॅक बॉटम आणि त्याच्या वरच्या पॅराडाइज व्हॅली या पट्ट्यात. ब्लॅक बॉटम हे नाव वंशावरून आलेलं नाही. फ्रेंच शेतकऱ्यांनी तिथल्या काळ्या, सुपीक मातीवरून ते दिलं होतं. हेस्टिंग्ज स्ट्रीट हा त्या वस्तीचा बाजार: दुकानं, डॉक्टर, वकील, विम्याची कचेरी, जॅझ आणि ब्लूजचे क्लब. घरं मात्र जुनी लाकडी, एका घरात तीन-तीन कुटुंबं, कारण जायला दुसरी जागाच नव्हती. मग त्याच दाटीला 'झोपडपट्टी' म्हणून नाव देऊन ती पाडायला पैसा आला. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने जमीन घेणं, पाडणं आणि स्वस्तात बिल्डरला देणं यातल्या तोट्याचे दोन-तृतीयांश केंद्र सरकार भरू लागलं. डेट्रॉइटने पाडून घेतलं, पण बिल्डर मिळेना. कित्येक वर्षं तिथे रान माजलं, आणि लोक त्या जागेला 'रॅगवीड एकर्स' म्हणू लागले, रॅगवीड हे तिथलं रानगवत. शेवटी वास्तुकार मीस फान डेर रोहच्या आराखड्याने लाफायेट पार्क ही वसाहत उभी राहिली. काच, पोलाद, झाडी. वास्तुकलेचे विद्यार्थी आजही पाहायला येतात आणि ते खरंच सुंदर आहे. हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या माणसांना तिथलं भाडं परवडणारं नव्हतं.

रस्त्याचं काय झालं? १९५६ च्या महामार्ग कायद्याने आंतरराज्य रस्त्याच्या खर्चाचे नव्वद टक्के केंद्राने उचलले. दहा पैसे घालून रुपयाचं काम होतंय म्हटल्यावर कोणतं शहर नाही म्हणेल? मार्ग आखणाऱ्या इंजिनिअरला जमीन स्वस्त हवी, विरोध कमी हवा आणि मालक थोडे हवेत. लाल नकाशातली जमीन स्वस्त होती ती हमी नाकारल्यामुळेच. भाडेकरूंची वस्ती म्हणजे सही घ्यायला मालक थोडे. आणि विरोधाला महानगरपालिकेत आवाज नाही. तिन्ही अटी पुऱ्या करणारी रेघ हेस्टिंग्ज स्ट्रीटवरून गेली. क्रायस्लर फ्रीवे खोल चर खणून त्याच रेषेत उतरवला. त्याचा दक्षिणेकडचा शेवटचा तुकडा म्हणजे आय-३७५, लांबी जेमतेम मैलभर, १९६४ मध्ये खुला. मालकाला इमारतीची किंमत मिळाली. दुकानदाराचं गिऱ्हाईक, वकिलाचं नाव, उधारीची वही यांची किंमत कुणी मोजली नाही. उठवलेल्या सगळ्यांना पुनर्वसनाचा एकसारखा हक्क देणारा केंद्रीय कायदा १९७० चा. तोवर चर खणून झाला होता.

दरम्यान गोरा कामगार बाहेर सरकत होता. घाबरवणारे दलालही होते: एका कृष्णवर्णीय बाईला बाबागाडी घेऊन गल्लीतून फिरायला पाठवायचं, मग दारोदार पत्रकं टाकायची, घाबरलेल्याचं घर पडेल भावात घ्यायचं आणि दुप्पट भावात कृष्णवर्णीय कुटुंबाला हप्त्यावर द्यायचं. नफा दोन्हीकडून. भिंतीच्या पश्चिमेची वसाहतही पुढच्या एका पिढीत कृष्णवर्णीय झाली, आणि ती भिंत दोन सारख्याच वस्त्यांमधला एक बिनकामाचा दगड उरली. पण तोवर खरी सीमा थोडी उत्तरेला, एट माइल रोडवर गेली होती. तिथे शहराची हद्द संपते.

हद्द म्हणजे काय, हे भारतातल्या वाचकाला चटकन कळत नाही. आपल्याकडे शहर वाढलं की आजूबाजूची गावं महापालिकेत येतात. डेट्रॉइटभोवतीच्या उपनगरांनी स्वतःची वेगवेगळी शहरं केली: स्वतःचा महापौर, पोलीस, झोनिंग (कुठल्या जमिनीवर काय बांधायचं याचे नियम), आणि शाळांची निराळी मंडळं. झोनिंगमध्ये लिहायचं की प्लॉट किमान इतका मोठा हवा, अपार्टमेंट नको. वंशाचा शब्द नाही. शब्द वापरणारेही होतेच. ग्रोस पॉइंटमध्ये दलाल आणि मालकसंघांनी गिऱ्हाइकांना गुण द्यायची पद्धत काढली होती, ती १९६० मध्ये उघडकीस आली. खासगी गुप्तहेर चौकशी करी: उच्चार कसा, रंग किती सावळा, राहणी अमेरिकन आहे का. साधारण माणसाला पन्नास गुण पुरत, पोलिश माणसाला पंचावन्न लागत, दक्षिण युरोपियनाला पासष्ट, ज्यूला पंच्याऐंशी. कृष्णवर्णीय आणि आशियाई यांना परीक्षेला बसायचीच सोय नव्हती.

हा 'आशियाई' शब्द मराठी वाचकाने जरा थांबून वाचावा. १९६५ नंतर व्हिसाचे कायदे बदलले, मोटार उद्योगात आपले इंजिनिअर गेले, आणि आज ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स या उपनगरांत मराठी घरं आहेत, गणपती बसतात, शाळेच्या गुणांवरून घर निवडलं जातं. 'स्कूल डिस्ट्रिक्ट (शाळामंडळाचा भाग) चांगला आहे' हे वाक्य त्या भागात घर घेणाऱ्याच्या तोंडी हमखास असतं. त्यात वावगं काही नाही, कुठल्या आईबापांना पोरांची शाळा नको? पण ते डिस्ट्रिक्ट चांगले का आणि कुठपर्यंत, याचं उत्तर १९७४ च्या एका निकालात आहे. डेट्रॉइटच्या शाळांतलं वांशिक विभाजन मोडायचं तर उपनगरांच्या ५३ शाळामंडळांनाही योजनेत घ्यावं लागेल, असं खालच्या न्यायालयाने म्हटलं होतं. मिलिकन विरुद्ध ब्रॅडली या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पाच विरुद्ध चार मतांनी उलटवलं: उपनगरांनी भेदभाव केल्याचं सिद्ध नाही, म्हणून हद्द ओलांडता येणार नाही. त्याच न्यायालयातले न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी विरोधी मत दिलं. त्या दिवसापासून ज्याला एट माइलच्या पलीकडे घर परवडतं त्याला ही सगळी पार्श्वभूमी ठाऊक असायची गरज उरली नाही. घराच्या किमतीतच ती मुरली.

बसचंही तेच. शहराच्या बसेस वेगळ्या, उपनगरांच्या वेगळ्या, आणि कित्येक उपनगरांना उपनगरी बससेवेतून बाहेर राहायची मुभा. सत्तरच्या दशकात रेल्वेसाठी केंद्राने साठ कोटी डॉलर देऊ केले होते. शहर आणि उपनगरं यांचं जमलं नाही, आणि हाती आली ती १९८७ मधली डाउनटाउनभोवती फिरणारी पीपल मूव्हर नावाची छोटी रेल्वे, २.९ मैलांची, एकाच दिशेने जाणारी. शहराच्या उत्तरेच्या ओकलंड काउंटीतली (काउंटी म्हणजे जिल्हा) बाहेर राहायची मुभा २०२२ च्या मतदानाने गेली. मधल्या काळात डेट्रॉइटचा गाडी नसलेला माणूस उपनगरातल्या नोकरीसाठी दोन बस आणि उरलेलं अंतर पायी, असा जात राहिला.

१९५० मध्ये साडेअठरा लाख वस्ती असलेलं शहर २०१० मध्ये सात लाख चौदा हजारांवर आलं. क्षेत्रफळ तेच, १३९ चौरस मैल. पाण्याचे नळ, गटारं, दिवे तेवढेच, पैसे भरणारे निम्म्याहून कमी. आणि इथे शेवटचा कागद येतो, घरपट्टीचं बिल.

मिशिगनच्या राज्यघटनेनुसार घराचं करमूल्य बाजारभावाच्या पन्नास टक्क्यांहून जास्त धरता येत नाही. २००८ नंतर डेट्रॉइटमध्ये घरांचे भाव कोसळले. पण शहराने घरोघरी जाऊन फेरमूल्यांकन साठाहून अधिक वर्षं केलंच नव्हतं. समजा घर बाजारात वीस हजार डॉलरला जातं. करमूल्य फार तर दहा हजार हवं. दर हजारी सदुसष्ट डॉलर धरले तर बिल ६७० डॉलर. बिलावर करमूल्य तीस हजार लिहिलं असेल तर २,०१० डॉलर. त्या काळात दाद मागायची तर फेब्रुवारीत आधी मूल्यनिर्धारकाकडे, मग मार्चमध्ये पुनरीक्षण मंडळाकडे, मग राज्याच्या कर न्यायाधिकरणाकडे. पहिली पायरी चुकली की वर्ष गेलं. बिल थकलं की पुढच्या मार्चमध्ये ते काउंटीच्या खजिनदाराकडे जातं, चार टक्के शुल्क आणि महिना एक टक्का व्याज लागतं. आणखी एका वर्षाने व्याज महिना दीड टक्का होतं, तेही मागच्या तारखेपासून. तिसऱ्या वर्षाच्या ३१ मार्चला घर जातं. तेव्हा सप्टेंबरच्या लिलावात थकबाकीच्या रकमेपासून बोली लागे, तिथे न विकलं तर ऑक्टोबरमध्ये पाचशे डॉलरपासून. ज्याचं घर गेलं तो बऱ्याचदा त्याच घरात नव्या मालकाचा भाडेकरू होतो, किंवा, हे वाचताना गंमत वाटेल, त्याच्याकडून लँड कॉन्ट्रॅक्टवर ते परत घेतो.

२००९ नंतरच्या दशकात एक लाखाहून अधिक घरं अशी लिलावात गेली. डेट्रॉइट न्यूज या वृत्तपत्राच्या हिशेबाने २०१० ते २०१६ या काळात घरमालकांकडून साठ कोटी डॉलर जास्तीचे आकारले गेले. स्वस्त घरांवर चूक सर्वांत मोठी होती, कारण भाव पडला तो तिथेच सर्वांत जास्त. अत्यल्प उत्पन्नवाल्याला करमाफीची तरतूद होती. पण अर्ज दरवर्षी नव्याने भरायचा, आणि तो अस्तित्वात आहे हे अनेकांना घर गेल्यावर कळलं. या काळात महापालिकेत कृष्णवर्णीय अधिकारी होते, महापौर होते. चेहरे बदलून बिल बदलत नाही. २०१७ मध्ये फेरमूल्यांकन झालं. गेलेली घरं मात्र परत आली नाहीत.

अलीकडे आय-३७५ चा चर बुजवून तिथे साधा रस्ता करायची योजना आखली गेली; २०२५ मध्ये ती थांबवून फेरविचाराला घेतली गेली. २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी साडेदहा कोटी डॉलरच्या आसपास मंजूर केले. चर बुजला की डाउनटाउनला लागून सुमारे तीस एकर नवी जमीन मोकळी होते. हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या दुकानदारांच्या नातवंडांनी विचारलं आहे की ही जमीन कुणाच्या नावावर होणार. योजनेच्या आराखड्यात झाडं, सायकलचा मार्ग आणि फुटपाथची रुंदी दिलेली आहे.